वळसा आणि प्रदक्षिणा

देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी होडीत बसलो होतो. भाचीने विचारलं, "मामा, आर्टेमिस-2 म्हणजे नवं अपोलो-8 च ना? दोन्ही चंद्राकडे माणसं नेणाऱ्या नासाच्या मोहिमा आणि दोन्हीत उतरायचं नाही."

पुष्कळांना असंच वाटतं. पण अपोलो-8 ही प्रदक्षिणा आहे आणि आर्टेमिस-2 हा वळसा.

प्रदक्षिणेत जिवाचा घोर फार. 24 डिसेंबर 1968 ला अपोलो-8 चे अंतराळवीर बोर्मन, लॉव्हेल आणि अँडर्स चंद्राच्या मागे गेले. पृथ्वीशी संपर्क तुटला. तिथेच त्यांनी वेग उतरवायला इंजिन सुमारे चार मिनिटं उलट्या दिशेने चालवलं, तेव्हा कुठे चंद्राने यान धरून ठेवलं. 20 तासांत 10 फेऱ्या झाल्या. आता सुटायचं, तर तेच इंजिन पुन्हा चंद्राच्या मागेच पेटायला हवं. नाही पेटलं तर यान तिथेच फिरत राहणार. सोबत लँडर, म्हणजे चंद्रावर उतरायचं छोटं यान, नव्हता, म्हणजे हाताशी दुसरं मोठं इंजिनही नव्हतं. ते पेटलं, म्हणून तिघे घरी आले.

वळशात अडकणंही नाही, सुटणंही नाही. निघतानाच वेग आणि दिशा अशी धरायची की चंद्राच्या ओढीने वाट वाकावी आणि यान आपसूक पृथ्वीकडे फिरावं. मध्ये बारीकसारीक दुरुस्त्या, एवढंच. आर्टेमिस-2 साठी हीच वाट आखली. ओरायन यानातून पहिल्यांदाच माणसं न्यायची, तीही चार. मला हा निर्णय मनापासून पटतो.

आमचा तांडेल ऐकत होता. सुकाणूवरचा हात न काढता म्हणाला, "इंजिन बंद पडला तरी भरती होडी आत आणता." ती भरतीही मुख्यतः चंद्राच्याच ओढीची.

भाचीला तरी वळसा कमी दर्जाचा वाटत होता. मग तिला अपोलो-13 सांगितलं. एप्रिल 1970, चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली. उतरण्यासाठी यानाने वळशाची वाट आधीच सोडली होती. लँडरचं इंजिन अर्धा मिनिट चालवून यान पुन्हा त्या वाटेला लावलं, पुढे वेगही वाढवला. कमांडर होते तेच जिम लॉव्हेल. अपोलो-8 मध्ये चंद्राभोवती दहा वेळा फिरलेले लॉव्हेल या खेपेला त्याच्या मागून एकदाच गेले आणि सोबतच्या दोघांना घेऊन सुखरूप परतले.