व्हिटा कोला आणि कोफोला: दोन्ही ‘कम्युनिस्ट कोला’, पण घराणी वेगळी

युरोप फिरून आलेली मंडळी हमखास सांगतात, “तिकडे तो कम्युनिस्टांच्या काळातला कोला अजून मिळतो, आम्ही प्यायलो.” कुठला, असं विचारलं की गाडी अडते. काळा रंग, फेस, जुन्या वळणाचं लेबल, एवढंच लक्षात असतं. पूर्व जर्मनीच्या भागात प्यायला असाल तर ती बहुधा व्हिटा कोला. झेक किंवा स्लोव्हाक मुलुखात असाल तर कोफोला. (पूर्व बर्लिनची १९६७ सालची क्लब कोला हे तिसरंच पात्र. तिला इथे बाजूला ठेवू.)

ओळखायची सोपी खूण म्हणजे जन्मस्थान. चव तिथूनच आली आहे.

व्हिटा कोला १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लाइपझिगजवळच्या मिल्टिट्झला तयार झाली. तिथला कारखाना सुगंधी द्रव्यं आणि अर्क बनवणारा. पंचवार्षिक योजनेत बिनदारूच्या पेयांचं उत्पादन वाढवायचं ठरलं होतं आणि लोकांना पश्चिमेकडच्या कोलाचं आकर्षण होतंच. म्हणून अर्क मिल्टिट्झचा आणि बाटल्या भरणार गावोगावचे छोटे कारखाने, अशी व्यवस्था झाली. अत्तरवाल्यांचं अपत्य असल्यामुळे झाकण उघडताच आधी लिंबाचा वास येतो, कोला मागाहून. वर क जीवनसत्त्व घातलेलं, नावातलं ‘व्हिटा’ त्याचंच.

कोफोलाचं माहेर मात्र औषधाचा कारखाना. कॉफी भाजताना उरणाऱ्या कॅफीनचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्यातून ओपावा या झेक शहरातल्या ‘गालेना’ या औषध कंपनीसाठी झ्देनेक ब्लाझेक यांच्या गटाने १९५९मध्ये ‘कोफो’ नावाचं सिरप बनवलं आणि त्या सिरपपासून कोफोला आली. फळांचे आणि वनस्पतींचे मिळून चौदा अर्क, साखर कोका-कोलापेक्षा कमी, फॉस्फोरिक आम्ल नाही. त्या चौदांपैकी एक आपल्या ओळखीचा: ज्येष्ठमध. घसा बसला की आजी चघळायला काडी देते, तोच. कोका-कोलाची अपेक्षा ठेवून पहिला घोट घेणारा म्हणूनच दचकतो. खोकल्याच्या औषधात कोणी सोडा ओतलाय की काय, असं वाटतं. दुसऱ्या ग्लासपर्यंत टिकलात तर मग कोका-कोलाच पांचट लागायला लागते. माझा कौल उघडच कोफोलाच्या बाजूने आहे.

दोघींनाही ‘कोका-कोलाची नक्कल’ म्हणायची पद्धत आहे. व्हिटाच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे, तिच्याकडून पश्चिमेकडच्या कोलाला उत्तराचीच अपेक्षा होती. कोफोलाची चव मात्र कोणाच्याच वळणावर गेलेली नाही. १९७०च्या दशकात झेकोस्लोव्हाकियात परवान्याखाली खुद्द पाश्चात्त्य कोला बनू लागले, तरी ही आपली जागा धरून राहिली.

खरा घोळ आठवणींचा आहे. पूर्व जर्मनांच्या जुन्या वस्तूंच्या ओढीला ‘ओस्टाल्गी’ म्हणतात. ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व, त्याला नॉस्टॅल्जियाची शेपटी. हा शब्द लोक सरसकट कोफोलालाही चिकटवतात. पण दोन्हीकडे घडलं ते सारखं नव्हतं.

१ जुलै १९९० रोजी पूर्व जर्मनीत पश्चिमेचं मार्क हे चलन आलं आणि दुकानांच्या फळ्या पश्चिमेच्या मालाने भरून गेल्या. आपल्याच कारखान्याचा माल घ्यायला गिऱ्हाईक तयार होईना. व्हिटा कोणी बळजबरीने हिसकावून नेली नव्हती. आज तिच्यासाठी हळवे होणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा स्वतःच पाठ फिरवली होती. १९९४मध्ये श्माल्काल्डेन गावच्या ‘थ्युरिंगर वाल्डक्वेल’ या कंपनीने तिला परत आणलं. आता थ्युरिंगिया राज्यात ती कोका-कोलाच्या पुढे असते. तिथे ती मागवण्यात ‘आम्ही इथले’ असा थोडा ताठाही असतो. गंमत अशी, की ही कंपनी आता हेसेनच्या ‘हासिया’ समूहाची, म्हणजे पश्चिमेचीच. आणि लिंबू नको असणाऱ्यांसाठी ‘पुर’ (Pur) नावाचा वेगळा प्रकारही निघतो.

कोफोला पुरती गेली नव्हती, पण १९८९ नंतर विस्कटली. खप घसरला, जो तो आपापल्या परीने बाटल्या भरू लागला, चवीचा भरवसा राहिला नाही. २००२मध्ये क्र्नोव्हच्या सामारास कुटुंबाच्या कंपनीने हे नाव विकत घेऊन घडी बसवली. हे कुटुंब ग्रीक. तिकडच्या यादवी युद्धानंतर हजारो डाव्या विचारांचे निर्वासित झेकोस्लोव्हाकियात आले, त्यांतले बरेच याच भागात स्थिरावले होते. २०१५मध्ये कंपनीचे समभाग प्रागच्या शेअर बाजारात आले. कम्युनिस्टांचा कोला म्हणतात तो हा.

नव्वदनंतर जन्मलेली मुलंही कोफोला पितात. त्यांना त्या राजवटीची आठवण असायचं कारण नाही, त्यामुळे ही ‘ओस्टाल्गी’ म्हणता येत नाही, सवय म्हणा. व्हिटा बहुतेकदा बाटलीत भेटते. कोफोला झेक खानावळीत बिअरसारखी नळातून काचेच्या मगात येते, वर फेसाचा थर घेऊन, आणि मागितली की वेटर एवढंच विचारतो: छोटी की मोठी?