इंटरनेट नसलेल्या मळ्यात वाजले किती?

तापीकाठच्या विहिरीवरून दोन किलोमीटर लांबच्या केळीच्या बागेपर्यंत जमिनीखालून पाइपलाइन नेलेली असते. ती मध्येच फुटली तर जागा शोधायची कशी? एक तर ओल वर येईपर्यंत वाट बघायची, नाहीतर जेसीबी लावून अंदाजानं खणत सुटायचं. याहून चांगली एक वाट आहे. पाइप फुटतो त्या क्षणी तिथला दाब कोसळतो आणि त्या धक्क्याची लाट पाण्यातून दोन्ही टोकांकडे धावते. पीव्हीसी पाइपात तिचा वेग सेकंदाला साधारण ४०० मीटर धरता येतो. दोन्ही टोकांना दाब मोजणारी छोटी यंत्रं बसवली आणि लाट कोणत्या टोकाला किती आधी पोहोचली हे कळलं, की काम झालं. जिथं आधी पोहोचली, त्या बाजूला फूट. वेळेतल्या फरकाला वेगानं गुणायचं, दोनानं भागायचं. पाइपलाइनच्या मध्यापासून तितक्या अंतरावर खणायचं.

अट एकच. दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. त्यांच्यात एका सेकंदाचा फरक असला तर खड्डा २०० मीटर चुकतो. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असला तर चूक दोन मीटरची, आणि तेवढी कुणालाही चालेल.

या हिशेबात खरे किती वाजले आहेत, हे कुठंच आलेलं नाही. दोन्ही घड्याळं दहा मिनिटं पुढं असली तरी फूट बरोबर सापडते. उलट त्याच बागेत तापमान आणि पानांवरचा ओलावा नोंदवणारं यंत्र असेल, तर त्याची गरज वेगळी. करपा हा पानांवरचा रोग पसरायला पान किती तास ओलं राहिलं हे महत्त्वाचं, म्हणून त्या घड्याळात चार-पाच मिनिटं इकडं-तिकडं झाली तरी बिघडत नाही. पण तारीखच चुकली तर महिन्याभराच्या नोंदी वाया जातात. यंत्रांनी आपसात जुळणं आणि खऱ्या वेळेशी जुळणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंटरनेट असतं तेव्हा दोन्ही एकदमच होऊन जातात, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, जिथं मोबाइलची रेंज दोन वावरं ओलांडली की जाते, तिथं मात्र आधी ठरवावं लागतं की आपल्याला यातलं नक्की काय हवंय.

खरी वेळ बाजूला ठेवून घड्याळं नुसती आपसात जुळवणं भुसावळच्या रेल्वे जंक्शनवर फार पूर्वीच घडून गेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या बहुतेक रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत आणि ती वेळ तारेनं स्टेशनांना कळवली जाई. भुसावळच्या माथ्यावर सूर्य मद्रासनंतर सुमारे १८ मिनिटांनी येतो. म्हणजे स्टेशनातलं घड्याळ गावच्या सूर्याच्या दृष्टीनं चुकीचंच होतं, पण ते पुढच्या स्टेशनाच्या घड्याळाशी जुळत होतं आणि गाड्यांना तेवढंच लागत होतं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली.

आता ही घड्याळं मुळात चुकतात का, ते पाहू. छोट्या संगणकांतल्या वेळेचा आधार म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकाचा एक बारीक चिमटा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. हा चिमटा २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत वेगानं चालेल असा कापलेला असतो. तापमान तिथून वर गेलं तरी तो मंदावतो आणि खाली गेलं तरी मंदावतो, आणि हा मंदपणा फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मनगटी घड्याळाला याचा त्रास होत नाही, कारण मनगट त्याला बारा महिने जवळपास त्याच उबेत ठेवतं.

मे महिन्यातलं खानदेश वेगळं आहे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या तापमानात असं घड्याळ २५ अंशांच्या मानानं दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागं पडतं. तेच यंत्र पत्र्यावर उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात असेल आणि आतलं तापमान ६० अंशांवर गेलं, तर मागं पडण्याचा दर दिवसाला ३.६ सेकंद होतो. असा ताप रोज सहाच तास राहिला असं धरलं, तरी एप्रिल-मे मिळून पाऊण मिनिटाच्या वर फरक पडतो. एक यंत्र केळीच्या सावलीत आणि दुसरं पंपघराच्या पत्र्यावर असेल, तर दोघांची घड्याळं एकाच कारखान्यातली असूनही एकमेकांपासून दूर जात राहणार. डबा सावलीत टांगणं आणि त्याला पांढरा रंग देणं, हा वेळ जुळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सर्वांत आधी करावा असं मला ठामपणे वाटतं.

त्यापुढचा उपाय म्हणजे डीएस ३२३१ ही चिप. ती स्वतःचं तापमान दर ६४ सेकंदांनी मोजते आणि स्फटिकाची चाल त्याप्रमाणे सावरते. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत दोनपर्यंतच असते, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर. नाण्याच्या आकाराचा सेल लावला की लाइट गेली तरी ती चालू राहते.

शेतात हे फार मोलाचं आहे, कारण थ्री फेज लाइट पाळीनं येते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात चौथ्या पिढीपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. पाचव्या पिढीत ते आलं, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. घड्याळ नसलेला संगणक बंद होताना वेळ लिहून ठेवतो आणि लाइट आली की तिथूनच पुढं मोजू लागतो. मधले सहा तास त्याच्या लेखी झालेलेच नसतात. याच संगणकाकडे बागेतली बाकीची यंत्रं वेळ विचारत असतील, तर तो सगळ्यांना खोटी वेळ सांगेल. म्हणून पंपघरातल्या मुख्य संगणकानं चालू झाल्यावर आधी सेलवरच्या चिपची वेळ वाचावी आणि मगच इतरांना सांगू लागावं. ही क्रमवारी चुकली तर पुढचं सगळं गणित निरर्थक होतं.

वेळ विचारायची कशी, ही पद्धत मात्र इंटरनेटचीच वापरता येते आणि तिला इंटरनेट लागत नाही. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेला एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) हा घड्याळं जुळवण्याचा नियमसंच शेडमधल्या साध्या वाय-फाय राउटरवरही चालतो. अडचण अशी की उत्तर येईपर्यंत वेळ जातो, त्यामुळे ऐकलेली वेळ शिळी असते. मिल्स यांची युक्ती चार नोंदींची आहे. समजा, शेतातल्या यंत्रानं त्याच्या घड्याळात सहाला शून्य सेकंद असताना प्रश्न पाठवला. मुख्य संगणकाला तो मिळाला तेव्हा तिथं सहा वाजून २.०४ सेकंद झाले होते. त्यानं २.०५ ला उत्तर सोडलं. यंत्राला ते त्याच्या घड्याळाच्या ०.०९ सेकंदाला मिळालं. जाताना फरक दिसला २.०४ सेकंद आणि येताना १.९६. दोन्हींची सरासरी दोन. यंत्र दोन सेकंद मागं आहे आणि प्रवासाचा वेळ सरासरीत आपोआप गळून गेला.

तो पूर्ण गळतो, पण जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागला तरच. या उदाहरणात प्रवासाला एकूण ०.०८ सेकंद लागले, म्हणून चूक झालीच तर ती त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ०.०४ सेकंदाहून जास्त असू शकत नाही. किती चुकू शकतो याची हमी पद्धत स्वतःच देते, हे मला तिचं सर्वांत मोठं बळ वाटतं. पुन्हा पुन्हा विचारायचं आणि ज्या खेपेला सर्वांत कमी वेळ लागला त्या खेपेवर जास्त भरवसा ठेवायचा, म्हणजे चूक आणखी खाली येते.

फरक कळल्यावर काटा एकदम सरकवणंही बरं नाही. घड्याळ मागं नेलं तर एकच सेकंद दोनदा येतो आणि आधीची नोंद नंतरची वाटू लागते. म्हणून लहान फरक असला की घड्याळाची चाल किंचित बदलतात. एनटीपीच्या प्रचलित प्रोग्रॅममध्ये ही मर्यादा दहा लाखांत ५०० आहे, म्हणजे एक सेकंद भरून काढायला ३३ मिनिटं लागतात.

वाय-फाय पोहोचत नाही तिथं रेडिओची छोटी मॉड्यूल्स वापरतात. त्यांत निरोप पाठवणाऱ्याकडे किती वेळ अडकेल याचा भरवसा नसतो. जेरेमी एल्सन, लुईस गिरोड आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी २००२ मध्ये यावर तोडगा मांडला: पाठवणाऱ्याच्या घड्याळाकडे बघूच नका. तिसऱ्या कुणीतरी नुसती एक हाक द्यावी. रेडिओलहर एक किलोमीटर जायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची साडेतीन पटही घेत नाही, म्हणजे बागेतल्या सगळ्यांना ती एकाच वेळी ऐकू येते. प्रत्येकानं आपल्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते ते टिपायचं आणि नोंदी एकमेकांना सांगायच्या. हाक किती उशिरा सुटली याला काही अर्थच उरत नाही. पाइपलाइनच्या दोन टोकांना अगदी हेच हवं असतं.

खरी वेळ हवी असेल तर आकाश आहे. जीपीएसचे उपग्रह अणुघड्याळं घेऊन फिरतात, आणि पंपघराच्या छतावर लावलेला छोटा अँटेना दर सेकंदाला एक अचूक ठोका देऊ शकतो. इस्रोच्या ‘नाविक’ या जीपीएससारख्या यंत्रणेचे उपग्रहही वेळ देतात. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढं आहे. ही दुरुस्ती उपग्रहाकडूनच साडेबारा मिनिटांतून एकदा येते, म्हणून नव्यानं चालू केलेल्या मॉड्यूलच्या पहिल्या काही मिनिटांच्या वेळेवर विसंबू नये. केळीच्या दाट पानांखाली हा सिग्नल क्षीण होतो; अँटेना उघड्यावरच हवा.

आणि ज्या नोंदी आधीच चुकीच्या तारखेनं साठल्या आहेत त्यांचं काय? त्या यंत्राला प्रकाश मोजणारा सेन्सर असेल तर त्या वाचवता येतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ही पद्धत दाखवली. उजाडणं आणि मावळणं यांच्या मधला क्षण म्हणजे त्या जागेची खरी दुपार. जळगाव प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे सात अंश पश्चिमेला असल्यानं तिथली खरी दुपार सरासरी १२ वाजून २८ मिनिटांनी होते. पण ती वर्षभर हलते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१२ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४२ च्या आसपास. दिवसाची लांबीही बदलते, डिसेंबरात सुमारे १० तास ५० मिनिटं, तर जूनमध्ये सुमारे १३ तास २५ मिनिटं. एकच लांबी वर्षात दोनदा येते, पण दिवस वाढत चाललेत की घटत, हे सलग नोंदींवरून कळतं. लांबीवरून तारीख आणि दुपारवरून वेळ, असं करत यंत्राचं चुकलेलं कॅलेंडर पुन्हा बसवता येतं. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत एकट्यादुकट्या नोंदीवर जाऊ नये. महिन्याभराच्या नोंदी एकत्र घेतल्या की ढगांनी केलेल्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. सेन्सरवर सकाळी झाडाची आणि संध्याकाळी पंपघराची सावली पडत असेल तर मात्र ही चूक रोज एकाच बाजूची असते आणि ती कितीही नोंदींनी जात नाही. म्हणून सेन्सर बसवतानाच पूर्व आणि पश्चिम मोकळी आहे ना, ते पाहून घ्यावं.