वृक्षध्यान आणि झाडाची ‘ऊर्जा’: दोन वेगळ्या वाटांची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईच्या आसपास गेल्या काही वर्षांत वृक्षध्यानाची शिबिरं भरू लागली आहेत. पद्धत साधारण ठरलेली असते. चपला काढायच्या, खोडाला पाठ टेकून बसायचं, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग उठून दोन्ही तळवे सालीपासून वीतभर अंतरावर धरायचे आणि झाडाची ऊर्जा जाणवते का ते पाहायचं. या तासाभरात दोन गोष्टी एकत्र होतात. झाडाजवळ शांत बसल्यावर शरीराला आराम पडतो, ही पहिली. झाड काहीतरी प्रक्षेपित करतं आणि ते आपल्याला पकडता येतं, ही दुसरी. शिबिरात दोन्ही एका दमात सांगितल्या जातात. त्यांचा इतिहास मात्र वेगवेगळा आहे, आणि पहिलीचा भक्कम आधार दुसरीला उसना दिला जातो, तिथे गोंधळ सुरू होतो.

आपल्याकडच्या जुन्या परंपरेबद्दल फार सांगायला नको. बोधिवृक्ष, वडाची पूजा, पिंपळाचा पार हे सगळं घरातलंच आहे. दोनच गोष्टी नोंदवतो. आळंदीत अजानवृक्षाखाली आजही लोक पोथी घेऊन पारायणाला बसतात, नरसोबाच्या वाडीला औदुंबराखाली जप चालतो. तिथे बसणारा माणूस झाडातून काही ‘घेत’ नसतो. झाडाच्या ठायी देव आहे, आणि आपण त्याच्या सावलीत बसलो आहोत, एवढा भाव त्याला पुरतो. दुसरी गोष्ट देवराईची. सह्याद्रीतल्या देवराया ध्यानासाठी राखल्या गेल्या नाहीत, त्या धाकामुळे राहिल्या. काठी तोडायची नाही, पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, नेलं तर देव कोपतो. १९७०च्या दशकात पुण्यातल्या दोन अभ्यासकांनी या राया गावोगाव फिरून नोंदवल्या, तेव्हा आजूबाजूला नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली या राखीव तुकड्यांत टिकून असल्याचं त्यांना आढळलं. झाडाशी नातं म्हणजे हळुवार स्पर्श, हे समीकरण त्या मानाने फार अलीकडचं.

‘झाडाला जाणवतं’ या कल्पनेला प्रयोगशाळेत आणलं ते कलकत्त्याच्या जगदीशचंद्र बोस या भौतिकशास्त्रज्ञाने. १० मे १९०१ रोजी लंडनमधल्या व्याख्यानात त्यांनी वनस्पतींच्या ऊतींमधला विद्युत प्रतिसाद दाखवला. पुढे वाढीचा अतिसूक्ष्म वेग कित्येक पटींनी मोठा करून दाखवणारं यंत्र त्यांनी बनवलं. लाजाळूच्या पानातून जाणारा विद्युत संदेश आज कुणी नाकारत नाही. पण त्यांचं काम प्रतिसादाबद्दल होतं: चिमटा, उष्णता, विष, गुंगीचं औषध यांना वनस्पती काय उत्तर देते, याबद्दल. माणसाच्या मनातला विचार झाडाला कळतो, असं त्या मोजमापातून निघत नव्हतं. शिबिरांच्या पत्रकांत मात्र त्यांचं नाव नेमकं याच दाव्यापुढे येतं, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तो दावा आला २ फेब्रुवारी १९६६ला, न्यूयॉर्कमधल्या एका कार्यालयातून. खोटं पकडण्याच्या यंत्राचं प्रशिक्षण देणाऱ्या एका गृहस्थाने कुंडीतल्या ड्रेसीनाच्या पानाला त्या यंत्राचे इलेक्ट्रोड लावले. मुळाशी घातलेलं पाणी पानापर्यंत किती वेळात चढतं, एवढंच त्याला पाहायचं होतं. मग पान जाळून पाहावं असं त्याच्या मनात आलं आणि, त्याच्या सांगण्यानुसार, काडी पेटवण्याआधीच कागदावरची रेघ उसळली. १९६८मध्ये त्याने पुढचा प्रयोग छापला: जिवंत कोळंबीवर्गीय सूक्ष्म जीव उकळत्या पाण्यात पडले की शेजारच्या खोलीतली झाडं ‘दचकतात’. १९७३मध्ये या विषयावरचं एक पुस्तक जगभर खपलं आणि झाडांशी बोलण्याची, त्यांना गाणी ऐकवण्याची लाट आली. १९७५मध्ये अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने तोच प्रयोग काटेकोर नियंत्रण ठेवून करून पाहिला. काही आढळलं नाही. पानावरच्या इलेक्ट्रोडची रेघ ओलावा, स्थिर विद्युत, खोलीतली हालचाल यांनीही हलते, हे यंत्र हाताळणाऱ्यांना ठाऊक होतंच. त्या निष्कर्षाची बातमी पुस्तकाइतकी पसरली नाही. ‘झाडाची स्पंदनं’, ‘झाडाला आपला भाव कळतो’ ही आजची भाषा बहुतांशी याच काळात रुजली.

आता झाडाजवळ आराम पडतो या गोष्टीची वाट, आणि मला जास्त महत्त्वाची वाटते ती हीच. १९८२मध्ये जपानच्या वनखात्याने ‘शिनरिन-योकू’ हा शब्द घडवून जाहीर केला. शिनरिन म्हणजे वन, योकू म्हणजे स्नान. ही बौद्ध भिक्षूंची हजार वर्षांची साधना असल्याचं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात हा एका सरकारी खात्याचा निर्णय होता, आणि तो घेतला गेला तेव्हा जंगलात फिरल्याने प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो याची वैद्यकीय मोजणी झालेली नव्हती. नाव आधी आलं, पुरावा नंतर शोधला गेला. या क्रमावरून आजही वाद होतो, आणि तो समजून घ्यायचा तर त्या खात्याची तेव्हाची स्थिती पाहावी लागते.

युद्धानंतर जपानचे डोंगर बोडके झाले होते आणि घरबांधणीला लाकूड हवं होतं. सरकारने सुगी आणि हिनोकी या दोन सूचिपर्णी झाडांची प्रचंड लागवड केली. आज जपानच्या एकूण जंगलापैकी सुमारे ४० टक्के जंगल लागवडीचं आहे. पण ही झाडं तोडणीला येण्याआधीच, १९६४मध्ये, लाकडाची आयात खुली झाली. बाहेरचं स्वस्त लाकूड आलं, डोंगरउतारावरचं देशी लाकूड परवडेनासं झालं. लाकडाच्या बाबतीतली स्वयंपूर्णता घसरत २००२मध्ये १९ टक्क्यांच्याही खाली गेली. सरकारी जंगलांचा हिशेब लाकूडविक्रीवर चालायचा, तो तोट्यात गेला. १९९८मध्ये त्याची फेररचना करावी लागली तेव्हा कर्ज सुमारे ३.८ लाख कोटी येनवर पोचलं होतं. खात्याकडे जंगल भरपूर होतं, गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी जंगल न तोडता त्याचा उपयोग दाखवणारी कल्पना पुढे आली.

टीकाकार म्हणतात, ही तोट्यातल्या खात्याने केलेली जाहिरात होती. हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. त्याच सुमारास शहरी नोकरदारांचे कामाचे तास आणि ताण हा जपानमध्ये गंभीर प्रश्न बनला होता, आणि माणसाला आठवड्यातून एकदा जंगलात पाठवण्यात वाईट काहीच नव्हतं. माझं मत निर्णयाच्या बाजूने झुकतं. लाकडाच्या घनफुटांत झाडाची किंमत करणाऱ्या खात्याने उभ्या झाडाला किंमत आहे असं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. खटकणारी बाजू वेगळी आहे. त्याच लागवडीतल्या सुगीच्या परागकणांनी जपानला ग्रासलं. २०१९च्या देशव्यापी पाहणीत ३८.८ टक्के लोकांना सुगीच्या परागांची ॲलर्जी आढळली, आणि २०२३मध्ये सरकारला हा राष्ट्रीय पातळीवरचा प्रश्न म्हणून हाताळावा लागला. वसंत ऋतूत लाखो माणसं त्या झाडांच्या परागांपासून वाचायला मास्क लावतात. ‘झाड म्हणजे निव्वळ आरोग्य’ असं सांगणाऱ्या पत्रकांत हा भाग येत नाही.

पहिलं वनस्नान झालं ती जागाही बोलकी आहे. नागानो प्रांतातल्या किसो भागातलं अकासावा हे जंगल. तिथले हिनोकी ३०० वर्षांच्या आसपासचे. दर २० वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे इथल्या देवस्थानासाठी लाकूड याच परिसरातून जातं. सतराव्या शतकात बेसुमार तोडीने किसोचं जंगल उजाड होत चाललं, तेव्हा १६६५पासून तिथल्या सरंजामी राजवटीने डोंगर बंद केले. चोरून झाड तोडणाऱ्याला जरब होती ती ‘एक झाड, एक मुंडकं’ या म्हणीतली. आपल्या देवराईत देवाचा कोप होता, किसोत तलवार होती. आज लोक डोळे मिटून ज्या खोडांना टेकतात ती खोडं त्या दहशतीतून वाचलेली आहेत. लाकूड वाहून नेणारी तिथली छोटी रेल्वे १९७५मध्ये बंद पडली आणि १९८७पासून ती पर्यटकांसाठी धावते.

पुरावा जमवायला सुरुवात झाली १९९०मध्ये, याकुशिमा बेटावर, लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाच्या मोजणीने. पुढे २४ जंगलांत, प्रत्येक ठिकाणी १२ तरुणांना घेऊन, जंगल आणि शहर अशी तुलना झाली. जंगलात नाडी, रक्तदाब आणि कॉर्टिसॉल कमी आढळलं. सगळ्यात जास्त सांगितला जातो तो प्रयोग मात्र वेगळा. २००५मध्ये टोकियोतल्या कंपन्यांमधले १२ पुरुष तीन दिवस, दोन रात्री इइयामाच्या जंगलात नेले गेले, आणि त्यांच्या रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ पेशींची क्रियाशीलता सुमारे निम्म्याने वाढलेली दिसली. या पेशी विषाणूबाधित आणि कर्करोगग्रस्त पेशींवर हल्ला करतात, म्हणून बातमी झाली. कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते फायटनसाइडकडे, म्हणजे झाडं हवेत सोडत असलेल्या बाष्पशील द्रव्यांकडे. हा शब्द सोव्हिएत संशोधनातून १९३०च्या आगेमागे आला होता. हॉटेलच्या खोलीत रात्रभर हिनोकीच्या तेलाची वाफ सोडूनही प्रयोग झाला, तोही १२ जणांवर.

आकडा पाहिला की मर्यादा कळते. माणसं थोडी, पुरुषच, आणि कार्यालयातून सुटका, चालणं, स्वच्छ हवा, चांगली झोप यांतलं काय किती कारणीभूत हे वेगळं काढणं अवघड. आपण जंगलात आहोत हे कुणापासून लपवताही येत नाही. तरीही ताण उतरतो या मुद्द्यावर नंतरच्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा कल एकाच बाजूला आहे. कर्करोग बरा होतो, असं यातलं काहीच सांगत नाही. २००६पासून जपानमध्ये ‘वनोपचार केंद्र’ म्हणून जागांना प्रमाणपत्रं मिळू लागली. अकासावा पहिल्या तुकडीत होतं, आणि आता अशा जागा साठीच्या वर आहेत.

या साऱ्या मोजणीत ‘ऊर्जा’ कुठेच नाही. लाळ आहे, रक्त आहे, नाडी आहे. तळव्यांना जाणवणारी झिणझिणी खरी असते. हात घासून स्थिर धरले आणि लक्ष तिथेच ठेवलं की ती झाडाशिवायही जाणवते, कुणीही बसल्या जागी करून पाहावं. खोडाला कान लावला की पाणी चढताना ऐकू येतं, हेही शिबिरांत सांगतात. पाणी वर ओढलं जातं ते संथपणे आणि आपल्या कानाला आवाज न येता. पाण्यावरची ओढ फार वाढून जलवाहिनीतला पाण्याचा स्तंभ तुटला की टिचक्या उमटतात, पण त्या बहुतेक आपल्याला ऐकू न येणाऱ्या कंप्रतेच्या असतात. जे ऐकू येतं ते फांद्यांचं कुरकुरणं, किंवा आपल्याच कानातलं रक्त. पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो, हेही असंच. ऑक्सिजन बाहेर पडायला उजेड लागतो, आणि पिंपळ त्याला अपवाद नाही.

१९९७नंतर ‘ऊर्जे’च्या बाजूला एक नवा आधार मिळाला. कॅनडात बर्च आणि डग्लस फर या झाडांत कार्बनची देवाणघेवाण होते, हे कार्बनची समस्थानिकं वापरून दाखवलं गेलं, आणि झाडांची मुळं जोडणाऱ्या जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्याची गोष्ट जगभर गेली. लवकरच ‘आई झाड पिल्लांना ओळखतं’ इथपर्यंत ती पोचली. २०२३मध्ये याच क्षेत्रातल्या तीन संशोधकांनी आधीचे अभ्यास तपासून सांगितलं की प्रत्यक्ष जंगलातला पुरावा या दाव्यांच्या मानाने फार तोकडा आहे. जाळं आहे, त्यातून किती आणि काय जातं यावर काम चालू आहे.

भारतात सरकारी पातळीवर ही लाट आली ती मार्च २०२१मध्ये, उत्तराखंडात राणीखेतजवळच्या कालिका इथे. सुमारे १३ एकरांवर, चीड पाइनच्या जंगलात, वनखात्याच्या संशोधन विभागाने केंद्र उघडलं. तिथे झाडाला मिठी मारणं हाही उपक्रम आहे. याच डोंगराळ मुलखात, चमोली जिल्ह्यात, १९७३पासून गावकरी झाडांना बिलगले ते ठेकेदाराची कुऱ्हाड अडवायला, आणि २६ मार्च १९७४ला रेणी गावच्या बायकांनी तोड रोखून धरली. पन्नास वर्षांच्या आत मिठीचा अर्थ पार पालटला. चीडच्या ज्या राळेचा गंध तिथे छातीत भरून घ्यायला सांगतात, तीच राळ उन्हाळ्यात कुमाऊंच्या वणव्यांना पेट देते.

महाराष्ट्रात शिबिरांची नजर आता देवरायांकडे वळते आहे. आंबेगाव तालुक्यातल्या आहुपेसारखी राई पाहिली की ओढ का वाटते ते कळतं. पण या राया लहान असतात, कित्येक तर एकराच्याही आतल्या, आणि जमिनीवरचा कुजका पाचोळा व कोवळी रोपं हीच त्यांची पुढची पिढी. जीर्णोद्धारासाठी राईतलीच झाडं विकून सिमेंटचं देऊळ उभं राहिल्याची उदाहरणं आहेतच, त्यात पायांची वर्दळ नको. बसायचं तर गावाला विचारून, थोड्या माणसांनी, पायवाटेवर बसावं. काठी न तोडण्याचा जुना नियम पाहुण्यांनाही लागू आहे.