पानओव्याला ओवा लागत नाही

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच: "आमच्या कुंडीतला ओवा मस्त फोफावलाय हो, पण त्याला ओवा कधी लागणार?" सोबत फोटो असतो. जाड, मऊ लव असलेली, कडेला कातरल्यासारखी हिरवी पानं. उत्तर ठरलेलं आहे. कधीच लागणार नाही. तो पानओवा आहे. डब्यातला ओवा ज्या झाडाला येतो ते झाड निराळं, त्याचं कूळ निराळं, आणि त्याला वाढवायची रीतही उलटी.

आमच्या शेजारच्या काकूंनी तीन वर्षं या आशेवर काढली. ओवा येत नाही म्हणून आधी शेणखत घातलं, मग आणखी शेणखत, मग कुंडी गच्चीवर भर उन्हात नेली. पानं पिवळी पडून आखडली. शेवटी "वांझ आहे मेलं" म्हणून झाड उपटून टाकलं. त्या झाडाचा काय दोष? त्याच्याकडे जे मागितलं ते त्याच्या जातीतच नव्हतं.

पानओवा तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असणार, म्हणून थोडक्यात सांगते. फांदी मोडून मातीत खोचली की जगते. सकाळचं कोवळं ऊन, बाकी सावली. माती बोटाला कोरडी लागली की पाणी, त्याआधी नाही. पानंच पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे हे झाड तहानेने क्वचित मरतं, अतिपाण्याने हमखास सडतं. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्या. फांद्या लांबून लोंबायला लागल्या की शेंडे खुडा, झाड भरतं. झालं.

आता खरा ओवा, जो फार थोड्यांनी झाडावर पाहिलेला असतो. तो धने, जिरे, बडीशेप, शेपू, गाजर यांच्या कुळातला. शेपूची जुडी डोळ्यांसमोर आणा. तशीच बारीक, दोऱ्यासारखी चिरलेली पानं, दोन-तीन फूट उंचीचं सडपातळ झाड, आणि वर छत्रीच्या काड्यांसारखे पसरलेले पांढऱ्या चिमुकल्या फुलांचे तुरे. रब्बीचं पीक आहे हे. राजस्थान आणि गुजरातेत त्याची शेतंच्या शेतं असतात. अजमेरला बीजीय मसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे ओव्याचे सुधारित वाणही तयार झाले आहेत. थंडीच्या तोंडाशी पेरायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं, आणि झाड तिथेच संपलं. दाणे भरले की त्याचं आयुष्य पुरं होतं. पानओवा मात्र वर्षानुवर्षं फांदीवरून फांदी चालतो.

पानओव्याचं कूळ तुळशीचं आणि पुदिन्याचं. कोवळी फांदी दोन बोटांत फिरवून पाहा, तुळशीच्या दांड्यासारखे चार कोन जाणवतात. फूल आलंच तर फिकट जांभळ्या मंजिरीसारखं येतं, आणि आपल्याकडे कुंडीत तेही क्वचित. शास्त्रीय नाव कोलियस अँबोइनिकस, इंडोनेशियातल्या अँबॉन बेटावरून दिलेलं. मधली बरीच वर्षं त्याला प्लेक्ट्रँथस म्हणत, म्हणून रोपवाटिकेच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही नावं सापडतात. खऱ्या ओव्याचं नाव ट्रॅकिस्पर्मम अम्मी. या दोघांत नातं शोधायचं तर तुळस आणि कोथिंबीर यांच्यात जेवढं नातं आहे तेवढंच निघेल.

मग वास एक कसा? सगळा घोळ इथेच आहे. वास सारखा म्हणजे झाड एकच, असं आपलं नाक सांगतं, आणि नाकावर आपला फार विश्वास.

ओव्याच्या तेलात मुख्य घटक असतो थायमॉल. तो घशाला झोंबणारा, जिभेवर आधी तिखट आणि मग बधिर करणारा वास त्याचाच. पानओव्याच्या तेलात कारव्हाक्रॉल असतं आणि थायमॉलही असतं. कुठलं किती, ते झाडागणिक आणि जागेगणिक बदलतं. ही दोन्ही द्रव्यं जवळजवळ जुळी आहेत. त्यांतल्या अणूंची संख्या तंतोतंत सारखी, फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी एकात एका जागी आणि दुसऱ्यात दुसऱ्या जागी बसलेली. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी असली तेलं तयार करतात, आणि दोन अगदी परक्या कुळांनी आपापल्या वाटेने तेच तेल गाठावं यात नवल नाही. पिझ्झावरच्या ओरेगॅनोतही कारव्हाक्रॉलच असतं, म्हणून क्युबाकडे पानओव्यालाच ओरेगॅनो म्हणतात. म्हणजे त्यांच्याही नाकाने त्यांना असंच फसवलं.

पण तेल एक असलं तरी ते ठेवायची जागा वेगळी आहे, आणि स्वयंपाकात नेमकी तीच महत्त्वाची ठरते. पानओव्याचं तेल पानाच्या वरच्या लवेतल्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. नुसता हात लागला तरी वास सुटतो, आणि उष्णता लागली की लवकर उडूनही जातो. ओव्याचं तेल दाण्याच्या सालीतल्या बंद नळ्यांमध्ये असतं. (आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर धन्यासारखं अर्धं फळ आहे.) डबा उघडल्यावर जेवढा वास येतो त्याच्या कितीतरी पट वास दाणा भरडल्यावर येतो. म्हणून चकलीच्या पिठात ओवा घालताना आजी तो तळहातावर चोळून घालायची. आणि म्हणूनच तो कढईतल्या तेलातही टिकतो, वर्षभर डब्यातही टिकतो.

तेव्हा एकाच्या जागी दुसरा वापरू नका. गवारीच्या भाजीला फोडणीत ओवाच हवा; तिथे पानं चिरून टाकली तर भाजीला काढ्याचा वास येतो. उलट पानओव्याची भजी करताना पान अख्खं ठेवा, बेसन पातळ ठेवा, आणि त्या पिठात पुन्हा ओवा घालू नका. पानाचा नाजूक ओलसर वास त्याखाली पार दबतो, आणि मग पान लावलं कशाला? माझ्या मते पानओव्याचं सोनं भजीपेक्षा ताकात होतं. कर्नाटकात त्याला दोड्डपत्रे म्हणतात आणि त्याची तंबळी करतात: पानं तुपावर जराशी परतायची, जिरे-मिरी-खोबऱ्याबरोबर वाटायची, ताकात कालवायची. गरम भातावर घेऊन पाहा. पानं वाळवून भुकटी करायच्या मात्र फंदात पडू नका. इतकं पाणी असलेलं पान आपल्या हवेत सुकण्याआधी बुरसटतं.

"ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल" ही म्हण दाण्याची आहे. बाळंतिणीला शेपांबरोबर देतात तो ओवाही दाणाच. पानाचा रस घरोघरी सर्दी-खोकल्याला मधातून देतात. तिथे एक गोष्ट कळकळीने सांगते: वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, कुठल्याही पानाच्या रसात नाही. आणि घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर पानओव्याची कुंडी उंचावर ठेवा, ते पान त्यांना बाधतं, उलट्या होतात.

माझा खरा राग रोपवाटिकांवर आणि बियांच्या पाकिटांवर आहे. पाकिटात ओव्याचे दाणे, वर फोटो पानओव्याचा. घेणारा पेरतो, दोनेक आठवड्यांत शेपूसारखे अंकुर वर येतात, आणि तो ते तण समजून उपटतो. आणि रोपवाटिकेत पानओव्याच्या चिठ्ठीवर नुसतं "ओवा" न लिहिता "पानओवा" लिहायला किती शाई जास्त लागते? निदान आपण तरी घरी नुसतं "ओव्याचं झाड" म्हणणं सोडू या.

खरा ओवा पाहायचाच असेल तर बियाणं विकत आणायचीही गरज नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस पूर्ण थांबल्यावर, डब्यातला यंदाचा ओवा चिमूटभर घ्या. पसरट, वीतभर खोल कुंडी, निचरा होणारी माती, दिवसभर ऊन. दाणे वरच्यावर भुरभुरा आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्या; खोल गेले तर उगवत नाहीत. झारीने हलकं पाणी. रोपं चार बोटं झाली की विरळणी करून वीतभर अंतर ठेवा, उपटलेली कोवळी रोपं वरणात घाला. ढगाळ हवेत पानांवर भुरी ही पांढरी बुरशी येते आणि तुऱ्यांवर मावा ही कीड बसते, तेवढ्यावर लक्ष ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुरे तपकिरी व्हायला लागले की सकाळी दंव असताना कापा, म्हणजे दाणे झडत नाहीत. खाली कागद पसरून उलटे टांगून वाळवा, हाताने चोळा, सुपात पाखडा.

एका कुंडीतून वाटीभरही निघणार नाही. पण काकूंना मी गेल्या खेपेला त्यातला एक वाळका तुरा नेऊन दिला. त्यांनी तो चुरगळून वास घेतला, बराच वेळ हातात धरून ठेवला, आणि मग माझ्याकडून पानओव्याची एक फांदी परत मागून घेतली.