एन्ट्री-लेव्हल स्ट्रॅटचं मॉडिफिकेशन

स्वस्तातल्या, स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), वायरिंग, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) असे भाग बदलून किंवा आहेत तेच नीट लावून तिचा टोन सुधारायचा, या सगळ्या खटाटोपाला वादक मंडळी नुसतं 'मॉडिंग' म्हणतात. ही नोंद स्ट्रॅट प्रकारापुरतीच आहे, कारण फेंडर या अमेरिकन कंपनीने 1954 मध्ये आणलेलं हे डिझाइनच या कामाला सोयीचं आहे : नेक चार स्क्रूंवर बसवलेला, तिन्ही पिकअप, स्विच आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरते रेझिस्टर) एकाच पिकगार्डवर, म्हणजे बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, त्यामुळे स्क्रू काढले की गिटार टेबलावर सुटी होते आणि लाकडाला हात न लावता बरंच काही बदलता येतं. नवशिक्यांच्या गिटारींमध्ये हाच आकार पटकन सापडतो, मग ती फेंडरच्याच स्वस्त ब्रँडची स्क्वायर असो की दुसऱ्या कुठल्या ब्रँडची कॉपी.

उगम : ही पद्धत नेमकी कोणी सुरू केली यावर एकमत नाही. नंतर बसवलेला कुठलाही पिकअप धरायचा म्हटला तर मान डीआर्मंड पिकअपकडे जातो, अमेरिकेतल्या रोव इंडस्ट्रीजने ते 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात विकायला काढले आणि अकूस्टिक गिटारला भोक न पाडता अडकवता यायचे. पण ती भर झाली, बदल नव्हे. कारखान्यातून आलेला पिकअप काढून त्याच जागी दुसऱ्या कंपनीचा तयार पिकअप बसवणे या अर्थाने बहुतेक लोक लॅरी डिमार्झिओचं नाव घेतात, त्याच्या सुपर डिस्टॉर्शन या पिकअपचं साल कुठे 1971 तर कुठे 1972 दिलेलं दिसतं, तेव्हा सत्तरच्या दशकाची सुरुवात एवढंच म्हणणं बरं. सेमोर डंकनने कंपनी काढली 1976 मध्ये, पण त्याआधीपासून तो लोकांचे जळालेले पिकअप परत गुंडाळून देत होता, लंडनमध्ये असताना सुद्धा. दुकानात डबा उघडून मिळणारा पार्ट म्हणून डिमार्झिओ आणि दुरुस्तीची परंपरा म्हणून डंकन, अशी वाटणी जास्त पटते.

यामागे एक नाराजीही होती. 1965 मध्ये फेंडर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली, त्यानंतरच्या गिटारींच्या दर्जाबद्दल वादक कुरकुरत होते आणि जुन्या गिटारींचे भाव चढत होते. त्याच काळात कॅलिफोर्नियात शार्व्हेल, शेक्टर अशी सुटे पार्ट विकणारी आणि दुरुस्ती करणारी दुकानं निघाली. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने सुट्या बॉडी आणि नेकवर, गिब्सन कंपनीच्या गिटारमधून काढलेला हंबकर (विजेचा गूं म्हणजे हम मारणारा, दोन कॉइलचा पिकअप) ब्रिजपाशी बसवून स्वतःची गिटार जमवली, 1978 मध्ये त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि पोराटोरांनी आपापल्या गिटारी खोलायला घेतल्या. त्याची गिटार मुळात एन्ट्री-लेव्हल नव्हती हे लक्षात ठेवायला हवं.

'एन्ट्री-लेव्हल' हा वर्ग पक्का झाला तो स्क्वायरमुळे. व्ही. सी. स्क्वायर ही मिशिगनमधली जुनी तारांची कंपनी, फेंडरने ती 1965 मध्ये घेतली आणि 1982 मध्ये तिचं नाव जपानमध्ये बनलेल्या स्वस्त गिटारींना दिलं. त्या पहिल्या जपानी स्क्वायर मात्र इतक्या चांगल्या निघाल्या की आज त्यांना मॉड करणं म्हणजे त्यांची किंमत घालवणं आहे.

आधी सेटअप : पार्ट मागवण्याआधी गिटार नीट लावून घ्यावी, कारण स्वस्त गिटारबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी इथेच मिटतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) यांपाशी तार दाबून आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटर फट, सतराव्या फ्रेटवर तारेची उंची 1.6 मिलिमीटरच्या आसपास, ही फेंडरची नेहमीची मापं. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तार यांतलं अंतर जाड तारेकडे साधारण 2.4 आणि बारीक तारेकडे 2 मिलिमीटर. पिकअप वर चढवला की आवाज मोठा होतो म्हणून लोक तो चढवतच जातात, पण अ‍ॅल्निकोचे पोल (तारांखालचे चुंबकी मिश्रधातूचे खुंट) जवळ आले की चुंबक तारेला खेचतं, वरच्या फ्रेट्सवर सूर डगमगतो आणि गिटार बेसूर आहे असं वाटायला लागतं. एका स्क्रूड्रायव्हरने सुटणारी गोष्ट आहे ही.

टोन कुठे ठरतो : मॉडिंगवरच्या वादांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या कॉइलला इंडक्टन्स असतो, स्ट्रॅटच्या नेहमीच्या सिंगल कॉइलचा साधारण 2 ते 2.5 हेन्री, आणि गिटारपासून अँपपर्यंतच्या केबलला कपॅसिटन्स असतो, मीटरला ढोबळमानाने 100 पिकोफॅरड. दोन्ही मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला उठाव देतात आणि तिच्या वरचं सगळं कापतात. 2.2 हेन्रीचा पिकअप आणि एकूण 500 पिकोफॅरड धरले तर हा उठाव 4.8 किलोहर्ट्झच्या आसपास येतो, 4.5 हेन्रीचा हंबकर आणि 600 पिकोफॅरड धरले तर 3 किलोहर्ट्झला. स्ट्रॅट 'चमकते' आणि हंबकर 'जाड' लागतो तो मुख्यतः यामुळे. जर्मनीतले इंजिनियर हेल्मुट लेम यांनी हे मोजून मांडलं, पुढे मानफ्रेड त्सोलनर यांनी त्यावर फार तपशीलात काम केलं.

बॉडीच्या लाकडाचा वाटा किती यावर भांडण अजून चालूच आहे. एन्ट्री-लेव्हल गिटार पॉप्लर, बासवुड किंवा अगाथिसची असते म्हणून ती कमी वाजते असा एक पक्ष; सॉलिड बॉडीत तारेचं कंपन पिकअपनेच उचललं जातं, लाकडाचा फरक ऐकू येण्याइतका नसतो असा दुसरा. मोजमापं दुसऱ्या बाजूला जास्त झुकतात. काही झालं तरी लाकूड बदलता येत नाही, त्यामुळे मॉड करणाऱ्याने त्यात अडकू नये.

पॉट आणि कपॅसिटर : तो उठाव किती टोकदार राहणार हे पॉट ठरवतात. 250 किलोओमचा व्हॉल्यूम, 250 चाच टोन आणि अँपचा 1 मेगाओम इनपुट हे तिन्ही पूर्ण उघडे असताना पिकअपवर मिळून साधारण 111 किलोओमचा भार टाकतात आणि उठाव दबतो, सिंगल कॉइलला तेवढा दबलेलाच बरा वाटतो. हंबकरला 500 चे पॉट लावतात ते हा भार कमी करायला. स्वस्त गिटारमधले छोटे पॉट मोठ्या पॉटपेक्षा वाईटच असतात असं नाही, फक्त खरखर लवकर सुरू होते आणि छापलेल्या आकड्यापेक्षा खरं मूल्य बरंच कमी-जास्त निघतं, म्हणून मल्टिमीटर लावून बघावं.

टोनच्या कपॅसिटरवर पैसे घालवायचे का? सुरुवातीच्या स्ट्रॅटमध्ये 0.1 मायक्रोफॅरड असायचा, पुढे तो 0.05 झाला, आता 0.022 किंवा 0.047 बघायला मिळतो. मूल्य बदललं की टोन खाली फिरवल्यावर आवाज किती गडद होतो ते बदलतं, यात वाद नाही. पण तेलातल्या कागदाचा जुना कपॅसिटर आणि पाच-दहा रुपयांचा पॉलिएस्टरचा, दोघांचं मूल्य सारखं असेल तर फरक कशातून येणार याचं नीट उत्तर मिळत नाही, त्यातून टोन पूर्ण उघडा असताना कपॅसिटरच्या आधी अख्खा 250 किलोओम आडवा असतो. पैसे वाचवावेत.

खरोखर फुकटातलं मॉड दुसरंच आहे. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन पॉटच नाही, म्हणून तो कानात टोचतो. स्विचच्या टोनच्या बाजूला दुसऱ्या टोनचा लग (जोडणीचं टोक) आणि ब्रिजचा रिकामा लग यांच्यात तारेचा बोटभर तुकडा सोल्डर केला की तो टोन ब्रिजलाही लागतो. नव्या काही मॉडेल्समध्ये हे कंपनीतूनच केलेलं असतं, आधी तपासून घ्यावं. व्हॉल्यूम कमी केला की आवाजाची चमकही जाते त्यावर 'ट्रेबल ब्लीड' : व्हॉल्यूमच्या इनपुट आणि आउटपुट लगवर 1 नॅनोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 150 किलोओमचा रेझिस्टर.

पिकअप : स्वस्त पिकअपमध्ये बहुधा लोखंडी पोल आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, महागात पोल स्वतःच अ‍ॅल्निकोचे. 'सिरॅमिक म्हणजे वाईट' हे सरसकट खरं नाही. लोखंडामुळे तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स वाढतो आणि वरची चमक थोडी जाते, फरक आहे तो हा. अ‍ॅल्निकोचा सेट टाकला की क्लीन टोनमध्ये बदल लगेच कळतो, भरपूर डिस्टॉर्शनमध्ये तितका नाही.

ब्रिजला हंबकर बसवणं हा सगळ्यात लोकप्रिय बदल. हंबकरचा शोध कोणाचा हाही जुना वाद आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरने पेटंटचा अर्ज 1955 मध्ये केला आणि ते जुलै 1959 ला मिळालं. रे बट्सने ग्रेच कंपनीसाठी केलेल्या फिल्टरट्रॉन या हंबकरचा अर्ज 1957 चा, पण पेटंट जून 1959 ला, म्हणजे एक महिना आधी. बट्सने त्याआधीच, 1954 च्या सुमारास, गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्ससाठी नमुना केला होता असं त्याच्या बाजूचे लोक सांगतात. दोन उलट कॉइल लावून हम मारायची युक्ती तर इलेक्ट्रो-व्हॉइसने 1930 च्या दशकातच मायक्रोफोनमध्ये वापरली होती, त्यामुळे तत्त्वाचं श्रेय दोघांपैकी कोणालाच पूर्ण देता येत नाही. गिटारपुरतं म्हणाल तर दोघांनी स्वतंत्रपणे केलं हे मत योग्य वाटतं.

बऱ्याच स्वस्त बॉडींमध्ये पिकगार्डखाली मोठा चौकोनी खड्डा आधीच कोरलेला असतो, तिथे नवं पिकगार्ड घेतलं की काम झालं, नसेल तर लाकूड कोरावं लागतं आणि ते घरी करू नये.

हम, शील्डिंग, अर्थिंग : भारतात मेन्स 50 हर्ट्झची, त्यामुळे सिंगल कॉइलचा 'गूंऽऽ' त्याच सुरात आणि त्याच्या पटीत येतो. पोकळीत तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडली की ट्यूबलाइट, डिमर, चार्जर यांची चरचर बरीच कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा गूं तसाच राहतो, टेप त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा घ्यावा, म्हणजे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी हम जातो. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारचं ग्राउंड जोडलेलं आहे. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गिटार खोलायची नाही, ताबडतोब वाजवणं थांबवून अँप बंद करायचा आणि इलेक्ट्रिशियनकडून घरातलं अर्थिंग आणि अँप दोन्ही तपासून घ्यायचे. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत तीन पिनच्या सॉकेटला मागे अर्थच नसतो असं दिसतं, आणि हा जिवाशी खेळ आहे.

नट, ब्रिज, मापं : प्लॅस्टिकच्या नटच्या जागी हाडाचा नट, खाचा नीट घासलेल्या, यामुळे ट्यूनिंग टिकतं. ब्रिजखालच्या जड स्टीलच्या ठोकळ्याने, म्हणजे ब्लॉकने, सस्टेन (सूर टिकण्याचा वेळ) वाढतो असं बरेच वादक सांगतात.

पॉट, वायर, सोल्डर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातं, पण घेताना मापं बघावीत, कारण आशियात बनलेल्या गिटारी मेट्रिक मापाच्या आणि अमेरिकन पार्ट इंचाचे. अमेरिकन पॉटला 9.5 मिलिमीटरचं भोक लागतं, स्वस्त पिकगार्डवर ते 8 चं असतं. जुने नॉब नव्या शाफ्टवर बसत नाहीत. ब्रिजवर दोन टोकांच्या तारांतलं अंतर कुठे 52.5 मिलिमीटर तर कुठे 56, आणि काही स्वस्त मॉडेल्सची बॉडी नेहमीच्या 44-45 मिलिमीटरपेक्षा पातळ असल्याने पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर येतो.