एका मारव्याचे दोन तुकडे: इंदूरच्या घरगुती संगीतसंग्रहांची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या मराठी घराची गाण्यांची हार्ड डिस्क उघडली, तर ‘मारवा ए’, ‘मारवा बी’ (मारवा हा एक राग), ‘ट्रॅक 07’, ‘नवीन फोल्डर 3’ आणि एकाच मैफलीच्या तीन-चार प्रती हमखास सापडतात. आवरायला बसणारा आधी वैतागतो, मग भराभर नावे बदलू लागतो, आणि नुकसान तिथेच होते. यातली जवळजवळ प्रत्येक खोड कुठल्या तरी जुन्या माध्यमाने लावलेली आहे. ती ओळखता आली, तर काय दुरुस्त करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवता येते.

नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरले. दहा इंची, 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावत असे. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ इंदुरात वाढले. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात होते. अमीर खाँच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालातली रागाची बढत साडेतीन मिनिटांत बसणे अशक्यच. त्यांची मारवा आणि दरबारीची एलपी (लांब वाजणारी तबकडी) 1960 सालची: एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची असल्यामुळे राग कुठे थांबवायचा हे ठरवूनच गायले जाई. तेव्हा एलपीवरून घेतलेल्या फाइलीत राग पुरा असतो. तुटका राग दिसला, की तो बहुधा कॅसेटवरचा समजावा.

घरोघरचा खरा साठा कॅसेटनेच वाढवला. आकाशवाणीचा शनिवार रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम 1952 पासूनचा, आणि इंदूर केंद्र 1955 चे. फिलिप्सने 1963 मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट आणली, पुढे टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) घरात आले आणि रेडिओवरचे गाणे थेट टेप होऊ लागले. सी-90 कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची. ती संपली की कॅसेट उलटायची, तेवढ्यात दहा-वीस सेकंदांची तान हुकायची. ‘ए’ आणि ‘बी’ हे त्या उलटण्याचेच वण. असे दोन तुकडे जोडताना मधली फट सफाईदार फेडने (आवाज हळूहळू उतरवून-चढवून) लपवू नये. दोन सेकंदांची शांतता ठेवावी आणि टिपणात ‘बाजू बदल, थोडे गाणे नाही’ असे लिहावे. नाहीतर तालाचे आवर्तन मोजत ऐकणाऱ्याला गवयीच समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) चुकला असे वाटते.

कॅसेट अजून संगणकावर घ्यायची असेल, तर आधी कव्हरच्या खिडकीतून टेपच्या कडा पाहाव्यात. पावसाळ्यातल्या दमटपणाने तिथे पांढरी बुरशी धरते, आणि तशी कॅसेट वाजवली की ती हेडवर येऊन पुढच्या कॅसेटलाही लागते. टेप दाबून धरणारी छोटी फोमची गादी गळून पडलेली असेल, तर आवाज गढूळ येतो. कव्हर स्क्रूचे असल्यास टेप दुसऱ्या रिकाम्या कव्हरात हलवता येते. वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळावी. सी-120 ची टेप फार पातळ असते, ती फास्ट फॉरवर्डवर टाकूच नये. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. वायर लाइन-इनमध्ये लावावी. माइकच्या भोकात लावली तर आवाज फाटतो आणि बहुतेक वेळा मोनोच येतो. मुद्रण 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या खाली.

वेगाची भानगड वेगळी. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण झाले असेल, तर आज ते जलद वाजते. सहा टक्के वेग वाढला की काळी एकचा षड्ज (सा) हार्मोनियमच्या पुढच्या पट्टीवर, पांढरी दोनवर, जातो. मुद्रणात सभागृहाच्या लाउडस्पीकरची विजेची घरघर असेल, तर तिची वारंवारता मोजावी: 50 हर्ट्झऐवजी 53 दिसली, तर वेग तेवढा वाढला आहे. मात्र त्या काळी ग्रिडची वारंवारताही बरीच हलत असे. म्हणून हा अंदाजच धरावा, आणि त्याच गायकाच्या दुसऱ्या खात्रीच्या मुद्रणाशी पट्टी ताडून पाहावी.

मूळ प्रतीवर ‘नॉइज रिडक्शन’ मात्र कधीही लावू नये. सतत चालू असणारा बारीक आवाज म्हणजे गोंगाट, असे ते सॉफ्टवेअर धरून चालते, आणि आपल्याकडे सतत चालू असतो तो तानपुरा. सफाईच्या नावाखाली तोच जातो, आणि गाणे पाण्याखालून आल्यासारखे होते.

मग आली एमपीथ्री. हे नाव 1995 मध्ये ठरले. 128 केबीपीएसला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे 700 एमबीच्या सीडीवर जवळपास बारा तास गाणी. दोन हजारनंतरच्या दशकात घरोघर अशा सीडी ‘राइट’ झाल्या. सीडीवरच्या जुन्या पद्धतीत नावाला आठच अक्षरे मिळत, पुढच्या पद्धतीत 64. अर्धी तुटलेली नावे तिथली. चालू मैफलीच्या दोन ट्रॅकच्या मधे येणारा खटका एमपीथ्रीचा. ती आवाज 1152 नमुन्यांच्या (क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) ठोकळ्यांत साठवते आणि शेवटचा ठोकळा भरायला शांतता घालते. फ्लॅक हे फाइलीचे दुसरे स्वरूप 2001 चे. त्यात काहीच गळत नाही आणि जागा सीडीच्या निम्म्याहून थोडी जास्त लागते. पण एमपीथ्रीची फ्लॅक करून गेलेला आवाज परत येत नाही, नुसती डिस्क भरते.

फाइलीच्या पोटातली माहिती, म्हणजे टॅग, 1996 मध्ये आली: एकूण 128 बाइट, त्यात गाण्याचे, कलाकाराचे आणि अल्बमचे नाव प्रत्येकी 30. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट खाते. ‘उस्ताद अमीर खाँ’ तिथे ‘उस्ताद अमी’वर तुटतो आणि पुढे चौकोन उमटतो. 1998 नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण गेली, पण जुना टॅग फाइलीच्या शेवटी तसाच राहतो आणि काही कार स्टिरिओ तोच वाचतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड किंवा एमपीथ्रीटॅग या टॅग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने तो काढून टाकावा.

राग, ताल, लय, साथीदार यांच्यासाठी त्या आराखड्यात जागाच नव्हती. तो तीन मिनिटांच्या गाण्यांचा आराखडा. सोय अशी: ‘अल्बम’मध्ये मैफलीची तारीख आणि गाव, ‘शीर्षका’त राग आणि बंदिशीचे तोंड (सुरुवातीचे शब्द), ‘टिपणा’त ताल आणि साथीदार. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की क्रम आपोआप लागतो.

इंदुरात आणखी एक पेच येतो, कारण नावे मराठी-हिंदी मिसळून लिहिली जातात. ‘बड़े’मधला ड़ एका चिन्हाने किंवा ड आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. त्यातून एकाच नावाचे दोन फोल्डर होतात आणि शोध घेतला की अर्धीच गाणी सापडतात. नुक्ता लावायचा की नाही, हे एकदा ठरवून पाळावे.

संग्रहाच्या प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. हा 3-2-1 नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. बाहेरची डिस्क देवासच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे चालेल. फोनशी आपोआप जुळणारे क्लाउड फोल्डर यात धरू नये. इथे फाइल पुसली की तिथूनही जाते. नवा पेनड्राइव्ह घेतल्यावर तो एकदा काठोकाठ भरून परत वाचून पाहावा, कारण बनावट माल 256 जीबी दाखवतो आणि 16 च्या पुढे आधीचेच पुसून लिहितो. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी5 ठसा (आवाजावरून गणिताने काढलेली खूण) असतो, त्यामुळे पूर्ण संग्रह एका आदेशात तपासता येतो. एमपीथ्रीसाठी असे ठसे वेगळ्या यादीत काढून ठेवावे लागतात. यादी नसेल, तर प्रत्येक प्रतीतल्या काही लांब फाइली शेवटपर्यंत ऐकाव्यात. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला नीट वाजते आणि द्रुत (जलद लयीतला भाग) सुरू व्हायच्या आत तुटते.