सेंट जॉन्स : साठ वर्षे एकच प्रशिक्षक

नोव्हेंबर 2012 मध्ये जॉन गलार्डी निवृत्त झाले आणि सेंट जॉन्स विद्यापीठाला फुटबॉलसाठी नवा मुख्य प्रशिक्षक शोधावा लागला. ही वेळ याआधी आली होती ती 1953 च्या हंगामासाठी. मधली साठ वर्षे ती खुर्ची रिकामीच झाली नाही.

फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यांना पॅड लावून खेळायचा. सेंट जॉन्स हे मिनेसोटा राज्यातल्या कॉलेजव्हिलचे, बेनेडिक्टाइन पंथाच्या संन्याशांनी 1857 मध्ये स्थापन केलेले मुलांचे महाविद्यालय. संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. इथे येणारा मुलगा फी भरून येतो आणि हौसेने खेळतो. पुढे जे घडले ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

गलार्डींच्या आधीचे प्रशिक्षक म्हणजे जॉनी मॅकनॅली, आणि हा गृहस्थ एका परिच्छेदात मावणारा नाही. ते याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1920 च्या दशकात पैसे घेऊन खेळायचे होते, पण खरे नाव उघड झाले तर महाविद्यालयीन खेळाची पात्रता जाणार. मित्राबरोबर मोटारसायकलवरून निवड चाचणीला जाताना वाटेत एका थिएटरवर ‘ब्लड अँड सँड’ या सिनेमाची पाटी दिसली. मॅकनॅली मित्राला म्हणाले, तू सँड, मी ब्लड. तेव्हापासून ते ‘जॉनी ब्लड’. ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाकडून त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि 1963 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीची, पहिली तुकडी निवडली गेली, तीत त्यांचे नाव होते. प्रशिक्षक म्हणून मात्र आपल्या जुन्या महाविद्यालयात ते 1950 ते 1952 अशी तीनच वर्षे टिकले. जाताना त्यांनी नव्या माणसाला बजावले म्हणतात, इथे कुणालाही जिंकता यायचे नाही.

नवा माणूस 26 वर्षांचा होता, पण प्रशिक्षकपदाचा त्याचा अनुभव दहा वर्षांचा! कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या खाणकामगारांच्या गावी 1943 मध्ये शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले. संघ बंद पडेल म्हणून सोळा वर्षांच्या जॉनने तो स्वतःच चालवायला घेतला. जुन्या प्रशिक्षकांच्या मते सरावात पाणी पिणे अपायकारक. शिवाय बदकासारखे बसून चालण्याचा व्यायाम सक्तीचा. जॉनने पोरांना पाणी दिले आणि बदकचाल बंद केली. संघ जिंकू लागला. पुढे मोंटानातल्या कॅरोल कॉलेजात त्यांनी चार हंगामांत 24 सामने जिंकले, 6 हरले, 1 बरोबरीत सुटला. मग कॉलेजव्हिल. पहिल्याच हंगामात परिषदेचे, म्हणजे संघ ज्या महाविद्यालयांच्या गटात खेळतो त्या गटाचे, विजेतेपद आले. याआधीचे होते 1938 चे.

मला वाटते, गलार्डींची सगळी पद्धत त्या सोळा वर्षांच्या पोराच्या वैतागातून आली. जे आपल्याला नकोसे होते ते त्यांनी एकेक करून काढून टाकले. शिट्टी नाही. ढकलायच्या जड लोखंडी गाड्या नाहीत. दीड तासापेक्षा लांब सराव नाही. डास फार झाले तर सरावच नाही, आणि मिनेसोटाचे डास ही थट्टेची गोष्ट नव्हे. संघातून कुणाला काढायचे नाही, त्यामुळे मैदानावर दीडशेच्या वर मुले. सरावात टॅकल, म्हणजे समोरच्याला धडकून खाली पाडणे, बंद. वॉर्म-अपच्या नावाखाली पोरे गवतावर उताणी पडत आणि एकमेकांना सांगत, काय छान दिवस आहे! आणि ‘कोच’ म्हणायला मनाई. पंच्याहत्तरीच्या माणसाला अठरा वर्षांचा मुलगा ‘जॉन’ म्हणे. आपल्याकडे मैदानावर ‘सर’ म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही, तिथे हे वाचताना जरा अवघडायला होते.

लोक हसत, पण निकाल समोर होते: 1963, 1965, 1976 आणि 2003 ची राष्ट्रीय विजेतेपदे. 1993 च्या संघाने नियमित हंगामात सामन्यामागे सरासरी 61.5 गुण केले. 8 नोव्हेंबर 2003 रोजी बेथेलला 29–26 असे हरवून गलार्डींनी 409 वा विजय नोंदवला आणि ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा 408 चा विक्रम मागे टाकला. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात समोर माउंट युनियन, सलग 55 सामने न हरलेला संघ. सेंट जॉन्सने तो सामना 24–6 असा घेतला. गलार्डी तेव्हा 77 वर्षांचे होते.

टॅकलबंदीचे शहाणपण इतरांना फार उशिरा पटले. मेंदूला होणाऱ्या इजांची चर्चा वाढल्यावर डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्ये सरावातले टॅकल थांबवले आणि 2016 मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथ ज्यात आहे त्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटाच्या, प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावापुरते तेच ठरवले. कॉलेजव्हिलला ही जुनी रीत होती.

शेवटचा हंगाम साधाच गेला, पाच जिंकले, पाच हरले. एकूण हिशेब 489 विजय, 138 पराभव, 11 बरोबरी. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत.

2013 पासून सूत्रे गॅरी फॅशिंग यांच्याकडे आली. ते गलार्डींच्याच हाताखाली खेळलेले आणि पुढे सतरा वर्षे त्यांचे सहायक. विद्यापीठाने बाहेरचा मोठा माणूस आणला नाही, हे मला योग्यच वाटते. दीडशे पोरांना ‘जॉन’ची सवय लागली होती. फॅशिंग यांच्या काळात, 2017 मध्ये, सेंट थॉमस या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी झालेला सामना मिनियापोलिसच्या बेसबॉल मैदानावर 37,355 लोकांनी पाहिला. तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला एवढी गर्दी तोवर कधी झाली नव्हती.

गलार्डी 7 ऑक्टोबर 2018 रोजी गेले, वयाच्या 91 व्या वर्षी. तिसऱ्या श्रेणीतल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला 1993 पासून त्यांच्या नावाची ट्रॉफी दिली जाते. 2018 मध्ये ती सेंट जॉन्सच्याच क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, जॅक्सन अर्डमनला मिळाली.